टीबीच्या गोळ्या चालू आहेत, तरी ताप उतरत नाही: मेलिऑयडोसिस ओळखण्यापासून बारा आठवड्यांच्या औषधापर्यंत

सप्टेंबरची अखेर होती. कोकणातल्या एका पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या मांडीतून काढलेला पू सिरिंजमध्ये भरून आमच्या प्रयोगशाळेत आला. सोबतच्या फॉर्मवर दोनच शब्द होते, ‘टीबी असावा’. फॉर्म घेऊन आलेली त्याची बायको म्हणाली, “बाय, दोन म्हयने गोळ्यो चालू आसत, पन ताप काय उतरना नाय.” मी फॉर्मच्या मागच्या बाजूला तिने सांगितलेलं लिहून घेतलं. शुगर बारा वर्षांपासून. जुलैत लावणी. पायाला जुनी भेग. टीबीच्या तपासण्यांत जंतू एकदाही दिसलेला नव्हता.

पहिल्या दिवशी जंतू वाढवायच्या प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आले. चौथ्या दिवशी खास माध्यमावर तेच ठिपके आमसुलासारखे जांभळे आणि सुरकुतलेले झाले. तो जंतू बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय होता आणि त्याने होणारा आजार मेलिऑयडोसिस. त्या माणसाच्या अंगात टीबी नव्हताच.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. रुग्णाला तपासून औषध लिहून देणारे डॉक्टर वेगळे, आमच्यापर्यंत पोहोचतो तो रक्ताचा, पुवाचा, थुंकीचा नमुना. पण कोणता नमुना कधी आणि कसा आला, यावर माणूस वाचणं-न वाचणं किती अवलंबून असतं हे आम्ही रोज पाहतो. म्हणून हे लिहिते आहे, मुख्यतः घरातल्या त्या माणसासाठी, जो फाइल हातात धरून दवाखान्याच्या बाकावर बसलेला असतो.

आधी आजाराची ओळख

हा जंतू माणसात राहणारा नाही. तो राहतो ओल्या मातीत, भाताच्या खाचरात, साचलेल्या पाण्यात. आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी १९११ मध्ये रंगूनला तो पहिल्यांदा ओळखला. भारतातली पहिली नोंद १९९१ ची आहे आणि ती मुंबईतली, एका लहान मुलाची. आज कर्नाटकची किनारपट्टी, गोवा, केरळ, तमिळनाडू, ओडिशा अशा बऱ्याच भागांतून रुग्ण सापडतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगभरात दरवर्षी सुमारे १ लाख ६५ हजार रुग्ण आणि ८९ हजार मृत्यू असा अंदाज बांधला, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा दक्षिण आशियाला दिला. आपल्याकडे हा आजार ‘दुर्मिळ’ म्हणवला जातो यामागे माझ्या मते मोठं कारण हे, की तो शोधलाच जात नाही.

शरीरात शिरायच्या वाटा तीन. पायाच्या भेगेतून किंवा जखमेतून, वादळी पावसात उडणाऱ्या तुषारांबरोबर श्वासातून, आणि न उकळलेल्या पाण्यातून. संसर्ग झाल्यापासून सहसा एक ते एकवीस दिवसांत त्रास सुरू होतो. पण जंतू वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो आणि प्रतिकारशक्ती खालावली की उठतो.

धडधाकट माणसाच्या अंगात हा जंतू बहुधा काही करत नाही. गाठतो तो प्रतिकारशक्ती कमी झालेल्याला, आणि त्यात पहिला नंबर मधुमेहाचा. निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह असतो. शुगर सतत वाढलेली राहिली की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, आणि हा जंतू तर गिळला गेल्यावर पेशीच्या आतही जगतो. मूत्रपिंडाचा जुना आजार, रोजची दारू, थॅलेसेमिया, फुप्फुसाचा जुना विकार, कर्करोगाची औषधं, दीर्घकाळ चाललेलं स्टेरॉईड, हे बाकीचे धोके. सांधेदुखीवर कुणीतरी दिलेल्या बिनलेबलच्या पुड्यांतही स्टेरॉईड असू शकतं, म्हणून पुडी चालू असेल तर ती डॉक्टरांना न लाजता दाखवा. एचआयव्हीमुळे मात्र या आजाराचा धोका फारसा वाढलेला दिसत नाही.

पहिली पायरी: दवाखान्यात जाण्याआधी अर्ध्या पानाची चिठ्ठी

डॉक्टर ‘काय होतंय?’ विचारतात आणि आपण ‘ताप येतोय’ म्हणतो. शेत, चिखल, जखम हे सांगायचं राहूनच जातं, कारण त्याचा तापाशी संबंध असेल असं आपल्याला वाटतच नाही. म्हणून घरीच लिहून काढा. ताप कधीपासून, रोज किती चढतो, वजन किती उतरलं. शुगर कधीपासून आणि शेवटचा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा काय. गेल्या तीन महिन्यांत लावणी, बेणणी, विहीर उपसणं, बांधकामाची माती, पुराचं पाणी, नदीत पोहणं यांतलं काय घडलं. पायाला भेगा किंवा जखम होती का. आतापर्यंत कोणकोणती अँटिबायोटिक्स किती दिवस घेतली, रिकाम्या पट्ट्यांसकट.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या माणसाने गणपतीला गावी जाऊन चार दिवस शेतात काम केलं असेल तर तेही लिहा. शहरातल्या डॉक्टरांना ते आपोआप कळणार नाही.

दुसरी पायरी: कधी थांबायचं नाही

मधुमेह किंवा वर सांगितलेला एखादा धोका असलेल्या माणसाला पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप आला, आणि त्याबरोबर खालचं काही दिसलं, तर ‘व्हायरल असेल, बघू’ म्हणत बसू नका:

- न्यूमोनिया, आणि नेहमीच्या औषधाला तीन दिवसांत दाद नाही
- यकृतात किंवा प्लीहेत, विशेषतः दोन्हीकडे, गळवं
- गुडघा, खांदा किंवा हाडात पू
- पुरुषांमध्ये लघवी अडणं आणि ताप, म्हणजे प्रोस्टेटमध्ये गळू असण्याची शक्यता
- लहान मुलाच्या कानाखाली एका बाजूला सुजलेली, दुखरी गाठ
- टीबीचं औषध चालू, टीबीचा जंतू मात्र एकाही तपासणीत सापडलेला नाही, आणि ताप तसाच

शेवटच्या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे. आपल्या देशात टीबी इतका आहे, की ताप, खोकला, वजन उतरणं आणि एक्स-रेवर डाग असं दिसलं की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव टीबीचं येतं. त्यात चूक नाही. चूक होते ती पुढे. औषध सुरू करून दोन महिने झाले, गुण नाही, थुंकीत जंतू नाही, तरी निदान पुन्हा तपासलं जात नाही. अशा वेळी ‘हा टीबीच आहे हे कशावरून ठरलं?’ असं डॉक्टरांना नम्रपणे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात.

आणि श्वास लागणं, बीपी पडणं, माणूस बरळायला लागणं, लघवी एकदम कमी होणं यांपैकी काहीही झालं तर थेट आयसीयू असलेलं रुग्णालय गाठा. रक्तात पसरलेला हा आजार दोन दिवसांतही जीव घेतो.

तिसरी पायरी: नमुने

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा सविस्तर.

शक्य असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी रक्त कल्चरला, म्हणजे त्यातून जंतू वाढवून पाहायच्या तपासणीला, घ्यायला सांगा, दोन वेगवेगळ्या जागांहून. रुग्ण अत्यवस्थ असेल तर अर्थात औषध थांबवून ठेवायचं नाही, रक्त काढून लगेच सुरू करायचं. फक्त रक्तावर भागत नाही. पू, थुंकी, लघवी, घशाचा स्वॅब, सांध्यातलं पाणी, जे जे मिळेल ते पाठवायचं. कारण या आजारात कल्चरची पकड साधारण ६० टक्केच आहे. एकदा ‘जंतू वाढला नाही’ असा रिपोर्ट आला म्हणजे आजार नाही, असा अर्थ होत नाही. संशय दाट असेल तर पुन्हा नमुने द्यावे लागतात.

पू कापसाच्या काडीवर पुसून पाठवण्यापेक्षा सिरिंजमध्ये ओढून किंवा निर्जंतुक डबीत भरून आलेला आम्हाला कितीतरी बरा. काडीवर चिकटतो तो थेंबभर.

आता एक गोष्ट, जी आठवली की अजून जीव हळहळतो. एका तरुण मुलीच्या प्लीहेतलं गळू ऑपरेशन करून काढलं होतं. तुकडा आमच्याकडे आला तो फॉर्मलिनच्या बाटलीत. फॉर्मलिन बायोप्सीसाठी ठीक, पण त्यात जंतू मरतात. त्या तुकड्यातून काहीच वाढणार नव्हतं, आणि दुसरा तुकडा काढायला पुन्हा पोट उघडावं लागलं असतं. तेव्हा ऑपरेशन किंवा सुईने पू काढणं ठरलं, की आत नेण्याआधी सिस्टरना किंवा डॉक्टरांना एवढंच सांगा, ‘एक भाग बायोप्सीला आणि एक भाग फॉर्मलिनशिवाय, साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये कल्चरला.’ हे वाक्य लिहून खिशात ठेवा. रक्ताच्या कल्चर-बाटल्या नेताना त्या फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवू नका.

फॉर्मवर संशयाचं नाव आलंच पाहिजे. ‘मेलिऑयडोसिसची शंका, मधुमेह, शेतकाम’ एवढं लिहिलं तरी आमचं काम बदलतं. आम्ही खास माध्यम वापरतो, प्लेट दोन दिवसांत फेकून न देता जास्त दिवस ठेवतो, आणि उघड्यावर न हाताळता सुरक्षा कॅबिनेटमध्ये हाताळतो. प्लेटचा वास घेऊन जंतू ओळखायची जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते. तुमची एक ओळ प्रयोगशाळेतल्या मुलामुलींनाही वाचवते.

सोबत पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करतात, पोट दुखत नसलं तरी. यकृतातलं गळू सीटीवर कधीकधी मधाच्या पोळ्यासारखं कप्प्याकप्प्यांचं दिसतं. आणि टीबीसाठीची सीबीनॅट तपासणीही त्याच नमुन्यावर करून घ्या, म्हणजे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

चौथी पायरी: रिपोर्ट वाचताना

हा जंतू नाव बदलून येतो. रिपोर्टवर ‘स्यूडोमोनास’ किंवा ‘बर्खोल्डेरिया सेपेशिया’ छापून येऊ शकतं, कारण जंतू ओळखणारी स्वयंचलित यंत्रंही इथे फसतात. कधी तर ‘बाहेरून मिसळलेला जंतू असावा’ म्हणून विषय संपवला जातो.

एक खूण सांगते, ती रिपोर्टच्या सेन्सिटिव्हिटीच्या यादीत कुणालाही पाहता येते. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन किंवा पॉलिमिक्सिन यांसमोर ‘आर’, म्हणजे औषध लागू नाही, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसमोर ‘एस’, म्हणजे लागू. नेहमीचा स्यूडोमोनास याच्या उलट वागतो, त्याच्यावर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड चालतच नाही. अशी जोडी दिसली तर डॉक्टरांना दाखवा आणि प्रयोगशाळेला फोन करून ‘मेलिऑयडोसिसच्या दृष्टीने खात्री करता का?’ असं विचारा. आम्हाला अशा फोनचा राग येत नाही. खात्रीसाठी लॅटेक्स चाचणी किंवा पीसीआर असतं आणि जंतू मोठ्या संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. किनारपट्टीवर कर्नाटकातलं मणिपाल, आणि दक्षिणेत वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, इथे या आजारावर बराच काळ काम झालेलं आहे.

पाचवी पायरी: रुग्णालयातले दिवस

उपचाराचे दोन टप्पे असतात. पहिला शिरेतून, सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, कमीत कमी १० ते १४ दिवस. सांधा, हाड किंवा खोल गळवं असतील तर चार आठवडे किंवा जास्त, मेंदूत असेल तर आठ आठवडे. १९८९ साली थायलंडमधल्या अभ्यासात जुन्या औषधांवर ७४ टक्के रुग्ण दगावत होते, सेफ्टाझिडिमवर तो आकडा ३७ टक्क्यांवर आला. म्हणजे नेमकं औषध मिळालं तर मृत्यू निम्म्यावर. सेफ्ट्रायॅक्झोन नाव ऐकायला जवळचं वाटलं तरी या आजारात त्यावर विसंबून चालत नाही.

या टप्प्यात नातेवाईक खचतात ते तापामुळे. बरोबर औषध चालू असतानाही ताप पूर्ण जायला आठ-नऊ दिवस सहज लागतात, मोठं गळू असेल तर त्याहून जास्त. पाचव्या दिवशी ताप दिसला म्हणून रुग्णाला उचलून दुसऱ्या रुग्णालयात नेऊ नका. विचारायचं ते हे: रक्ताचं कल्चर पुन्हा पाठवलं का, ते स्वच्छ आलं का, काढता येण्याजोगा पू कुठे राहिला आहे का.

हा आजार माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. ताट वेगळं, खोली वेगळी, नातवंडांना जवळ येऊ न देणं, यातलं काहीही करायची गरज नाही. टीबीच्या चुकीच्या शिक्क्यामुळे घरातच परका झालेला माणूस मी पाहिला आहे. निदान बदलल्याचं कळल्यावर त्याने पहिली चौकशी केली ती नातीला मांडीवर घेता येईल का, याची.

सहावी पायरी: घरचे बारा आठवडे

घरी आल्यावर दुसरा टप्पा, कोट्रायमॉक्झाझोलच्या गोळ्या, साधारण १२ आठवडे आणि काही ठिकाणी त्याहून लांब. सेप्ट्रान या नावाने ही गोळी बऱ्याच घरांना ठाऊक आहे. आजार उलटण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे या गोळ्या मधेच सोडणं. तिसऱ्या आठवड्यात भूक लागते, अंगात बळ येतं, माणूस शेतावर जायला लागतो आणि पट्टी फडताळात राहते.

डोस पाहून दचकू नका. लघवीच्या जळजळीला देतात त्याच्या दुप्पट असू शकतो. साठ किलोवरच्या, मूत्रपिंड चांगलं असलेल्या माणसाला डबल स्ट्रेंथच्या दोन गोळ्या सकाळी आणि दोन रात्री, असं लिहून दिलेलं असू शकतं. ‘एवढ्या कशाला?’ असं कुणी केमिस्टच्या काउंटरवर म्हटलं म्हणून निम्म्या करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

या गोळीचे त्रासही खरे आहेत. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं: पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि रक्तपेशी. पोटॅशियम वाढू शकतं, आणि रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर जास्तच. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. शहाळ्यात भरपूर पोटॅशियम असतं, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत आणि विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर ते बाजूला ठेवा. ग्लिमेपिराईडसारखी शुगरची गोळी चालू असेल तर शुगर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, गरगरणं झालं तर आधी साखर खायला द्या, मग मोजा.

अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलवटणं यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालयात जा. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधीच सांगायचं. पर्याय आहेत. पण औषध बदलायचं ते डॉक्टरांनी, आणि मधे एकही दिवस रिकामा न जाता.

मी एक साधी युक्ती सांगते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौऱ्याऐंशी दिवस मोजून शेवटच्या तारखेला गोल करा, आणि रोज रात्रीची गोळी घेतली की फुली मारा. फुली मारायचं काम घरातल्या शाळकरी मुलाकडे द्या, ते विसरत नाही.

किडनी बदललेल्यांसाठी: नोकार्डिया

प्रत्यारोपण झालेले किंवा मोठ्या डोसचं स्टेरॉईड घेणारे यांच्या बाबतीत मातीतल्या आणखी एका जंतूचं नाव लक्षात ठेवा, नोकार्डिया. तो टीबीशी आणखीच जास्त साम्य दाखवतो. फुप्फुसात डाग पाडतो, आणि टीबीसाठीच्या रंगात थोडासा लाल दिसतोसुद्धा. फरक असा, की सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे धागे झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले दिसतात. त्याला वाढायला वेळ लागतो, म्हणून ‘प्लेट दोन-तीन आठवडे ठेवा’ असं फॉर्मवर लिहावं लागतं. तो मेंदूत शिरतो आणि तिथे बराच काळ लक्षणं दिसत नाहीत, म्हणून फुप्फुसात सापडला तरी डोक्याचा एमआरआय करून घेतात. औषध सहा महिने ते वर्षभर चालतं, बहुतेकदा त्यातही कोट्रायमॉक्झाझोल असतं. प्रत्यारोपणाच्या गोळ्यांचे डोस त्या काळात कमी-जास्त करावे लागू शकतात. ते नेफ्रॉलॉजिस्टने, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनीच करायचं.

पावसाआधीची तयारी

याची लस नाही. शेतकऱ्याला ‘चिखलात जाऊ नका’ सांगणं म्हणजे पोटावर पाय देणं, ते मी सांगणार नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि रबरी हातमोजे घ्या. लावणीत गमबूट चिखलात रुततात, काम मंदावतं, ही तक्रार खरी आहे. तरीही शुगर असलेल्याने निदान पायाला भेग किंवा जखम असेपर्यंत खाचरात उतरू नये, बांधावरचं काम घ्यावं. घरी आल्यावर साबण-पाण्याने पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या पुसायच्या, भेगांना रात्री व्हॅसलीन किंवा खोबरेल लावायचं. विहिरीचं, झऱ्याचं पाणी पावसाळ्यात उकळूनच प्यायचं. वादळी पावसात शक्यतो आत राहायचं. डायलिसिसवर असलेल्यांना उत्तर ऑस्ट्रेलियात पावसाळाभर प्रतिबंधक म्हणून कोट्रायमॉक्झाझोल देतात. आपल्या डॉक्टरांशी याबद्दल बोलायला हरकत नाही.

शेती करत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. २०२१ मध्ये अमेरिकेत एकमेकांशी काही संबंध नसलेल्या चौघांना हा आजार झाला, दोघे गेले, आणि जंतू सापडला तो भारतात तयार झालेल्या सुगंधी फवाऱ्याच्या बाटलीत.

मे महिन्यात, पेरणीच्या गडबडीआधी, एकदा तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर तपासून घ्या. आणि लावणी झाल्यावर ताप आलाच, तर वर सांगितलेली अर्ध्या पानाची चिठ्ठी फाइलमध्ये सगळ्यांत वर लावा. त्या शेतकऱ्याच्या बायकोने तोंडी सांगितलेल्या तीन गोष्टींवरूनच आम्ही त्याचा नमुना खास माध्यमावर लावला होता. पुढच्या पावसात तो स्वतः रक्त तपासणीला द्यायला आला, पायात गमबूट घालून.